मुहूर्तमेढीचा खड्डा

संपतरावांचे हात रिकामे राहिले की घरचे धास्तावायचे. हडपसरची वडिलोपार्जित जमीन बिल्डरला देऊन, तिच्यावरच उभ्या राहिलेल्या सोसायटीत ते तळमजल्यावरच्या बागवाल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हापासून त्या हातांना कामच उरलं नव्हतं. मग त्यांनी घरच कसायला घेतलं. ड्रिल मशीन आणलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बाथरूमचा नळ बदलला. तो गळायला लागला तेव्हा दुसरा व्हिडिओ बघून पुन्हा बदलला. स्वयंपाकघरात एक फळी ठोकली, ती अशी भक्कम की बायको तुळजाबाई म्हणाल्या, "भित पडंल, पर फळी ऱ्हाईल." बागेच्या जाळीला रंग त्यांचाच, दोडक्याच्या वेलाचा मंडप त्यांचाच, आणि दुपारी दोन वाजता ड्रिल चालवल्याबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर येणारे टोमणेही त्यांच्याच नावाचे.

बाग म्हणजे काय, तीन खाटा टाकल्या की भरेल एवढी. पण संपतराव सकाळी चहा घेऊन तिथे अनवाणी उभे राहायचे तेव्हा त्यांचा चेहरा पाटलासारखा व्हायचा. आणि का होऊ नये? ते त्यांचंच रान होतं.

निदान तसं ते समजत होते.

जमिनीच्या कागदांवर सही करायच्या आदल्या दिवशी तुळजाबाई जेवल्या नव्हत्या. भांडल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "इकायचं ते इका. पर तेजूची मेढ मातुर आपल्याच रानात रोवायची. तेवढी जागा ठिवा." लेकीच्या लग्नात मांडवाचा पहिला खांब, ती मुहूर्तमेढ, बापाच्या जमिनीत रोवली जाते. तुळजाबाईंची त्यांच्या बापाच्या मळ्यात रोवली होती, सासूची तिच्या बापाच्या. संपतरावांनी शब्द दिला. त्या शब्दापायीच बिल्डरनं वरच्या मजल्यावरचा, डोंगर दिसणारा फ्लॅट देऊ केला तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मला खालचा पायजे. मातीवाला." बिल्डर हसला होता. "घ्या की संपतराव. तुमचीच तर जमीन आहे."

इमारत उभी राहत होती तेव्हा ते एकदाच तिकडे गेले. पोकलेन मशीन त्यांच्या विहिरीजवळची माती ओरबाडत होतं. संपतराव मागे फिरले ते चावी घ्यायलाच परत आले. मधल्या काळात तिथे काय काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही, आणि विचारलंही नाही. बघवत नाही म्हणून डोळे मिटायचे आणि मग सगळं जागच्या जागी आहे असं धरून चालायचं, हा आपल्या सगळ्यांचाच आवडता उद्योग आहे.

तेजस्विनीचं लग्न ठरलं. पोरगी खराडीला एका कंपनीत नोकरीला, नवरा मुलगाही तिथलाच. लग्न मोठ्या कार्यालयात होणार होतं, ते संपतरावांनी मुकाट मान्य केलं. पण मेढ दारात, आणि मांडव स्वतःच्या हातचा, यावर ते अडून बसले. उंबराचं लाकूड त्यांनी मांजरी गावच्या भावकीतून आणवलं, स्वतः तासलं, त्याला तेल पाजलं.

"आप्पा, डेकोरेटर सगळं करतो हो," तेजस्विनी म्हणाली. "तुम्ही कशाला खणत बसताय? पाठ धरली तर लग्नात कोण उभं राहणार?"

"डेकोरेटर तुझा बाप हाय का?" संपतराव म्हणाले आणि पहार उचलली.

त्यांनी बागेच्या मधोमध खणायला घेतलं. मेढ हातभर तरी खोल जायला हवी. वरची माती लोण्यासारखी निघाली. वीतभर खाली गेल्यावर पांढरं कापड लागलं, गोधडीच्या अस्तरासारखं. संपतरावांनी ते विळ्यानं फाडलं. खाली बारीक खडी, तिच्याखाली अंड्यांच्या ट्रेसारखं काळं प्लास्टिक.

"बग, काय काय पुरलंय मेल्यांनी," त्यांनी तुळजाबाईंना हाक मारली. "समदा राडारोडा हितंच गाडलाय. माझ्या रानाचा उकिरडा केला."

त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. बिल्डर लोक बांधकामाचा कचरा आवारात पुरतात हे त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे खाली सिमेंटचा थर लागला तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. उरलेलं काँक्रीट ओतलं असेल, झालं. खाली आपली काळी माती असणारच. त्यांनी सिमेंट फोडलं. त्याखाली डांबरासारखा एक काळा जाड पापुद्रा होता, तोही पहारीनं भोसकला. मग मात्र पहार टणकन वाजून हातात झिणझिण्या आल्या.

त्यांनी जागा बदलून एका कोपऱ्यात खणलं. तिथेही तेच. मांडवाच्या चारही कोपऱ्यांना तेच. घामानं सदरा अंगाला चिकटला, पण हार मानतील तर ते संपतराव कसले. कडक जमिनीला काय लागतं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. संध्याकाळी त्यांनी पाइप जोडला आणि पाचही खड्डे काठोकाठ भरले. पाइप मधल्या खड्ड्यात तसाच बारीक सोडून ठेवला.

सकाळी बघतात तर खड्डे कोरडे. पाइप चालू असूनही मधल्या खड्ड्यात ओंजळभरसुद्धा पाणी नव्हतं.

संपतराव उकिडवे बसले आणि त्यांनी खड्ड्यात हात घातला. इथे राहायला आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. वरून कितीही सिमेंट ओता, खाली जमीन जिवंत होती, तहानलेली होती, रात्रभर त्यांच्या हातचं पाणी पीत होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मातीच्याच हातानं पुसलं.

"आगं ये!" ते ओरडले. "बग कशी प्यालीय! आपलीच हाय ती!"

तुळजाबाई पदराला हात पुसत आल्या, खड्ड्यात वाकून बघितलं आणि हसल्या. जमीन दिल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. "मग काय तर," त्या म्हणाल्या. "वळख ठिवती ती."

तेवढ्यात घरातला पंखा बंद पडला. मग अडकलेल्या लिफ्टमधून कुणीतरी दार बडवायला लागलं.

सोसायटीच्या सेक्रेटरी जयाताई पंधरा मिनिटांत दारात उभ्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, कोथरूडहून इथे आलेल्या बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत. चढवायची गरजच पडायची नाही. त्यांनी बागेतले खड्डे पाहिले, पाइप पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"आपण बाग केलीत की बोअरवेल घेतलीत?"

"मेढीचा खड्डा हाय ताई. पोरीचं लगीन हाय."

"अभिनंदन. जरा खाली येता का? आपलं पाणी पोचलंय, तेवढं बघून घ्या."

"खाली म्हंजी?"

"पार्किंगमध्ये."

बिल्डिंगखाली पार्किंग आहे हे संपतरावांना ठाऊक होतं. त्यांची स्कूटर गेटाशीच असायची, त्यामुळे तिथे जायची वेळ आली नव्हती. पण बागेचा आणि पार्किंगचा काय संबंध? तरी ते निघाले. उतारावरून खाली गेल्यावर जयाताई टॉर्च घेऊन डावीकडे वळल्या, खांबांमधून चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तिथे छतातून पाण्याची धार लागली होती. शेजारीच विजेच्या पेट्या होत्या, त्यांची दारं उघडून एक माणूस फडक्यानं आतलं पाणी टिपत होता.

"ही आपली बाग," जयाताईंनी टॉर्च वर धरला.

संपतराव वर बघत राहिले. सिमेंटचं छत, त्यावर ओल्या डागांची पाच बेटं. चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक.

"मंग माती?" त्यांनी विचारलं.

"वर आहे ना. ट्रकनं आणून टाकलेली. वीत-दीड वीत जाडीची असेल."

"आन् आपली? हितली?"

जयाताईंच्या ओठांवर काहीतरी खोचक आलं होतं, पण त्यांनी संपतरावांकडे पाहिलं आणि ते गिळलं. "ती पाया खणताना नेली असेल संपतराव," त्या सावकाश म्हणाल्या. "इथे याच्या खाली अजून एक पार्किंग आहे."

संपतरावांनी पायाखाली पाहिलं. फरशीवर पिवळ्या रेघा मारलेल्या होत्या आणि आकडे घातलेले होते. कुणाच्या तरी बापाचं रान कुठल्या तरी गावाहून उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलेलं होतं, आणि तीन वर्षं ते त्यावर अनवाणी उभे राहून चहा पीत होते. बिल्डर खोटं बोलला नव्हता. त्यांनीच सही केली होती, सगळ्याचीच केली होती, आणि मूठभर जमीन राखली या समजुतीत खुशाल झोपत होते. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्या पेट्या पुसणाऱ्या माणसाकडेही बघवेना.

वर आल्यावर तुळजाबाईंनी विचारलं, "काय म्हनाली ती?"

सांगायला त्यांना बराच वेळ लागला. तुळजाबाई ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी समदंच इकलं व्हतं?"

"मला ठावं नव्हतं गं."

"तुमी बगितलं न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "शबुद दिला आन् बगितलं न्हाई." आणि त्या आत गेल्या. त्यानंतर त्या त्यांच्याशी फक्त ताट वाढल्याचं बोलायच्या, तेही तेजस्विनीकडून.

छतात पाणी जाऊ न देणारा तो काळा पापुद्रा पाच ठिकाणी फाटला होता. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, सगळी माती काढावी लागेल. लग्न आठवड्यावर आलेलं. मुलगा पृथ्वीराज दुरुस्तीवाल्यांशी फोनवर भांडला, "अहो, ॲटलीस्ट फंक्शन होईपर्यंत थांबा," म्हणाला. पण विजेच्या पेट्यांपुढे कोण कोणाचं ऐकतं. माणसं आली, दोडक्याचा मंडप मोडला, माती पोत्यांत भरून नेली. संपतरावांनी मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण पोती उचलायला ते सगळ्यांच्या पुढे होते. खालची काँक्रीटची लादी उघडी पडली तेव्हा तुळजाबाई खिडकीत आल्या, बघितलं आणि खिडकी लावून घेतली. लादीवर नवा काळा थर बसला आणि त्याच्यावर पाय ठेवायचा नाही असा हुकूम निघाला.

तेजस्विनीनं रात्रीच्या जेवणाला विषय काढून पाहिला. "आई, मला काही फरक पडत नाही गं. खरंच. मेढ कुठेही रोवा."

"तुला न्हाई पडत," तुळजाबाई म्हणाल्या. "ठावं हाय मला."

मेढीच्या दिवशी मांडववाल्यानं फ्लॅटच्या दारापुढच्या फरशीवर एक तेलाचा रिकामा डबा आणून ठेवला. त्यात वाळू भरली, मेढ खोचली, डब्याला लाल सॅटिनचं कापड गुंडाळलं. कापडामुळे फार छान दिसतंय असं चार बायका म्हणाल्या. पण उंबराचं लाकूड वजनदार होतं, हातभर जमिनीत जाईल या हिशेबानं तासलेलं, आणि वाळू कोरडी. मेढ एका अंगाला कलायला लागली. संपतरावांनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली.

गुरुजींनी मंत्र सुरू केले. जमिनीत टाकायची सुपारी आणि हळकुंड वाळूवर ठेवलं गेलं. सवाष्णी एकेक करून हळदीकुंकू लावून गेल्या. लिफ्टचं दार उघडायचं, भाजीच्या पिशव्या घेतलेलं कुणीतरी "सॉरी, सॉरी" करत कडेनं निघून जायचं. संपतराव खांब धरून उभेच. पाहुण्यांना वाटलं, बापाला भरून आलंय. तेजस्विनीच्या मावशीनं तर डोळ्याला पदरही लावला.

"झालं बरं का यजमान," गुरुजी म्हणाले. "आता सोडा."

संपतरावांनी हात सैल केले. डब्यातली वाळू खसखसली आणि मेढ वाकडी झाली. त्यांनी पटकन पुन्हा धरली.

शेवटी तुळजाबाई तबक घेऊन आल्या. त्यांनी मेढीला हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, नमस्कार केला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"धरून ठिवा," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी करा."