आतून कडी लागणारी खोली

आमच्या इस्पितळात आतून कडी लागते अशी एकच रिकामी खोली आहे, आणि ती माणसांसाठी नाही. तिथे सर्व्हर राहतात. त्यांना थंड हवा, स्वतःचं कुलूप, कुणी उगाच हात लावायचा नाही. बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले तेव्हा दुपारच्या सुट्टीत दूध काढून ठेवायला मला तीच खोली सापडली, कारण तिची किल्ली माझ्याकडे होती. सर्व्हरच्या घरघरीत माझ्या पंपाची कुरकुर कुणाला ऐकू जायची नाही. कपाटाला पाठ टेकून मी फोनमधला लेकीचा फोटो बघत बसायचे. जांभई देतानाचा. तो बघितला की दूध लवकर उतरायचं.

माझ्याकडे काम होतं निरोपांच्या रांगेचं. लॅबमधून निघालेला रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत या रांगेत थांबतो. पूर्वी रांग एकाच मशीनवर होती. ते बंद पडलं की वाटेतले रिपोर्ट गडप, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या टाचेत पुन्हा सुई. ते मला आता बघवत नव्हतं. म्हणून मी तीन मशीन जोडली. दोन माझ्या खोलीत, लिनक्सची. तिसरं लॅबमध्ये, विंडोजचं, कारण लॅबवाले दुसऱ्या कशाला हात लावायला तयार नव्हते. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या जावांना एका स्वयंपाकघरात नांदवावं तसं मी त्यांना नांदवलं. तिघांपैकी निदान दोघांनी लिहून घेतल्याशिवाय रिपोर्ट ‘मिळाला’ म्हणायचं नाही. एक पडलं तर उरलेली दोन गाडा ओढतील.

तरी रिपोर्ट अडकायला लागले. रोज, नेमके दुपारच्या सुट्टीत.

“ताई, सुट्टीत तुमचं ते यंत्र लावता ना,” लॅबचे दादा मीटिंगमध्ये म्हणाले, “त्यानेच लाईट खाली जात असणार. डेअरी आणि लॅब एका वायरीवर कशी चालणार?”

सगळे हसले. दादा काही वाईट माणूस नाही. हसवल्याशिवाय त्यांना राहवत नाही, इतकंच. आमच्या विभागप्रमुख मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांची दोन मुलं कॉलेजात आहेत. ‘आमच्या वेळी’ हे शब्द त्या नुसत्या भुवईने म्हणतात.

“काय ते शोध,” त्या मला म्हणाल्या, “नाहीतर ते तुझं खोलीतलं बंद.”

पंपाने वीज गेली असती तर माझी दोन मशीन पडली असती. ती तर ठणठणीत होती. बेपत्ता व्हायचं ते लॅबमधलं. पण नुसतं सांगून कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी पंप बाहेरच काढला नाही. लॅबमध्ये जाऊन त्या मशीनसमोर बसले. दादा डबा खायला गेले. माउसला कुणाचा हात लागेना. माझी छाती दगडासारखी झाली, आणि जरा वेळाने समोरचा पडदा काळा पडला, पंखा थांबला. मशीन झोपलं होतं. कुणी हात लावला नाही तर झोपायचं, ही त्याची सवय कुणी मोडलीच नव्हती. आणि रक्त तपासून रिपोर्ट पाठवणाऱ्या शेजारच्या यंत्राला दादांनी पत्ता दिला होता तो याच एकाचा. जवळ आहे, लांब कशाला जा? माझी दोघं बिचारी जागी, पण त्यांचं दार वाजवायला कुणी येतच नव्हतं.

दादा परत आले, डबा टेबलावर आपटला, माउस हलला, मशीन जागं झालं.

“काय ताई, पहारा?” ते म्हणाले. मी फाईल छातीशी धरून उठले. कुर्ता भिजून गेला होता.

दुरुस्ती किरकोळ होती. झोप बंद केली, तिन्ही पत्ते दिले. मग मॅडमसमोर एका मशीनची वायर ओढली. रिपोर्ट येत राहिले. वायर लावली, तर ते मशीन आपणहून उठून राहिलेलं सगळं लिहून घेऊ लागलं. पंपाचा काही संबंध नव्हता, हेही मी स्पष्ट सांगितलं.

“ठीक आहे, सापडलं ना,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे आता त्या खोलीत रोज कुणी जायची गरज नाही?”

प्रश्न कुठे चाललाय ते मला कळलं. दादांनाही कळलं, ते बुटांकडे बघायला लागले. ‘एक फेरी मारावी लागते’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोटं पकडणारं तिथे कुणी नव्हतं. पण इतक्या महिन्यांनी एक काम मनासारखं उभं राहिलं होतं, आणि ते कच्चं आहे असं माझ्याच तोंडून निघेना.

“नाही,” मी म्हणाले. “पडलं तर आपलं आपण उठतं.”

“छान. मग किल्ली सिक्युरिटीकडे दे. तुझ्या त्या कामाला लेडीज टॉयलेट आहेच.”

जिन्यात दादांनी मला गाठलं. “ताई, धूळ पुसावी लागते म्हणायचंत. कुणाच्या बापाला कळलं असतं?”

“तुम्ही का नाही म्हणालात?”

“मला नोकरी आहे, ताई.”

“मला काय आहे?”

ते उद्या डब्यात काय आणू, असं विचारून गेले.

टॉयलेटमध्ये प्लगच नाही. हाताने पिळत बसायचं, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवणार. आधी बाटली अर्धी यायला लागली, मग नुसता तळ. मग सासूबाईंनी पावडरचा डबा आणला. “तुझा नवरा यावरच वाढला. काही बिघडलं का त्याचं?” त्याबद्दल मला थोडी शंका आहे.

आज संध्याकाळी घरी आले तेव्हा लेक सासूबाईंच्या मांडीवर बाटलीला लागली होती. गटागटा पीत होती, डोळे मिटून, पायाची बोटं हलवत. मी आल्याचं तिला कळलंही नाही. निदान पहिल्या घोटाला तरी तिने तोंड वाकडं केलं होतं का, असं सासूबाईंना विचारावंसं वाटलं.

तिची हनुवटी पुसली, आणि पावडर किती पाण्याला किती घालायची तेवढं त्यांच्याकडून समजून घेतलं.