आत्याला अठ्ठ्याण्णव टक्के

कचेरीत तिला सगळे फौजदार म्हणत. लोकांच्या ईमेलवर पहारा ठेवणं हे त्या कचेरीचं काम, आणि पहाऱ्याची चाळणी, म्हणजे पत्रं पारखणारा प्रोग्राम, हिने शिकवून तयार केलेली. लॉटरी लागल्याची बातमी देणारे, पासवर्ड मागणारे, कुठल्याशा मेलेल्या काकांची इस्टेट देऊ करणारे असले भामटे तिच्या चाळणीतून आत यायचे नाहीत. साहेब पाहुण्यांना तिच्या टेबलापाशी आणून म्हणत, "हिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही." ती वरवर नको नको म्हणे आणि मनातून फुलून जाई. कौतुक कोणाला कडू लागलंय?

पण गेले पाच आठवडे तिचं कामात लक्ष नव्हतं. सातवा महिना चालू होता आणि आत्या बोलत नव्हती.

ही काही वर्षातून दोनदा भेटणारी आत्या नव्हे. नऊ वर्षांची पोरकी भाची पदरात घेऊन, बटणं-दोऱ्यांच्या एवढ्याशा दुकानावर जिने तिला वाढवलं, शिकवलं, ती आत्या. दोन वर्षांपूर्वी भाची नोकरीसाठी निघाली तेव्हा दोघींची चांगलीच जुंपली. "जायचं तर जा, माझं काही अडत नाही," आत्या म्हणाली. "माझंही नाही," ही म्हणाली. दोघीही धादांत खोटं बोलत होत्या. आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. अधूनमधून चार ओळींची ईमेल, एवढाच काय तो संबंध उरला. पाच आठवड्यांपूर्वी मात्र जेवणाच्या सुट्टीत हिने कचेरीतूनच लिहिलं, 'बाळ येतंय. तू ये. माझ्याजवळ राहा. मला तुझ्याशिवाय जमायचं नाही.'

उत्तर आलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, दुसरं लिही." ती म्हणाली, "एकदा नाक मुठीत धरलं, पुरे झालं." मग रोज सकाळी येऊन ती आधी आपली ईमेल बघे आणि दिवसभर शेजारच्यांवर खेकसे.

त्या गुरुवारी एक घड्याळजी आले. कचेरीचं जुनं गिऱ्हाईक, डोक्यावर टोपी, बोलणं तिरकस. "बाई, माझा भाऊ मुका झालाय, की तुम्ही त्याला मुका केलाय? वीस पत्रं धाडली म्हणतो, मला एक मिळालं नाही."

भाऊ परदेशात असतो, भाषा घरचीच लिहितो, पण रोमन अक्षरांत. तिने घड्याळजींचा अडवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. वीसच्या वीस तिथे. प्रत्येकापुढे चाळणीचा शेरा होता, 'शब्द कोणत्याही कोशात नाहीत, सबब संशयास्पद.'

तिचे कान गरम झाले. हा शेरा कुठून आला ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दोन महिन्यांपूर्वी भामटे मोडकेतोडके शब्द लिहून निसटू लागले होते. एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत तिने असल्या अगम्य पत्रांचा अख्खा ढीग चाळणीपुढे टाकला आणि सांगितलं, हा सगळा कचरा. एकही पत्र उघडून बघितलं नाही. त्यात किती सज्जनांच्या घरच्या गप्पा होत्या देव जाणे. चाळणी आज्ञाधारक, बाईंनी शिकवलं ते तिने घोकलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली आणि एकेक पत्र सोडवू लागली. सातव्या पत्रावर तिचा हात थांबला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नाहीत. आत्याही रोमनमध्येच लिहिते.

स्वतःचा कप्पा तिने कधी उघडलाच नव्हता. फौजदार आपल्याच घराची झडती कशाला घेईल?

आत अकरा पत्रं होती. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, तशी आत्या मोठ्याने लिही, सगळी अक्षरं मोठी. पहिलं पत्र त्याच दिवसाचं, तिचं पत्र पोचल्यावर तासाभरात लिहिलेलं. 'MI YETE AHE.' मी येते आहे. बाकी काही नाही. दुसऱ्यात आत्याने घरचा पत्ता मागितला होता आणि पलंग किती उंच आहे ते विचारलं होतं. पाचव्यात दुकान शेजारणीवर सोपवल्याची बातमी. आठव्यात, चौदा झबली शिवली, एकालाही बटण नाही, बाळाला टोचतं. तिला पुढचं दिसेना, डोळे भरून वाहत होते.

मागे साहेब येऊन उभे होते. त्यांनी शेरा मोठ्याने वाचला. "'शब्द अनोळखी. मजकूर ओरडून लिहिलेला. वारंवार घाई करण्याची सूचना. घरचा पत्ता मागते. धोका अठ्ठ्याण्णव टक्के.' अहो, कोण आहे ही बाई?"

"माझी आत्या."

"आत्याला अठ्ठ्याण्णव?"

"कमीच दिलेत, साहेब. तुम्ही अजून तिला भेटला नाहीत." रडता रडता तिला हसू फुटलं.

मग तिने परवाच आलेलं अकरावं पत्र उघडलं आणि हसू पळालं. 'गुरुवारी अकराच्या बसने पोचते. स्टँडवर ये.' आज गुरुवार. अकराला वीस मिनिटं कमी. आत्या परक्या शहरात उतरणार, कोणी दिसलं नाही की समजायचं ते समजणार, आणि तिचा स्वभाव बघता त्याच बसने माघारी जाणार.

"चला," घड्याळजी म्हणाले, "बाहेर माझी गाडी आहे."

गाडीत मागे दुरुस्तीची चाळीसेक घड्याळं टिकटिकत होती, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. तिने मागे वळून बघितलं तर साडेनऊही वाजले होते आणि सव्वाबाराही. "त्यांच्याकडे बघू नका," घड्याळजी म्हणाले, "सगळी आजारी आहेत."

स्टँडवर पोचले तेव्हा बस रिकामी होऊन गेली होती. फलाटाच्या टोकाला, ट्रंकेवर, आत्या बसली होती. पूर्वीपेक्षा बारीक झालेली. तिला बघताच ही पोटाला हात लावून भरभर निघाली आणि कानाशी जाऊन ओरडली, "आत्या, मला तुझं एकही पत्र मिळालं नव्हतं गं!" सगळा स्टँड वळून बघू लागला.

"मग आलीस कशी?"

"आत्ता मिळाली. सगळी एकदम. मला वाटलं, तू रागावलीस. तू येणार नाहीस."

"वेडी आहेस." आत्याने पदराने तिचे डोळे पुसले, जरा जोरातच.

"पण माझं उत्तर नव्हतं ना! तरी निघालीस? मला तू नको झालीस असं नाही वाटलं तुला?"

"मला कशाला वाटेल?" आत्या म्हणाली. "तुला नाही म्हणायला कधी उशीर लागलाय? दूध नको, शाळा नको, हा फ्रॉक नको, सगळं तिथल्या तिथे तोंडावर. पाच आठवडे गप्प बसलीस, तेव्हाच म्हटलं, पोर हो म्हणतेय."

त्याच पाच आठवड्यांच्या गप्प बसण्यातून तिने रोज नकार ऐकला होता. तिने आत्याला घट्ट मिठी मारली, पोट मध्ये येत होतं तरी.

"बरं, झालं रडून?" आत्या तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "ट्रंकेला हात लावशील तर बघ. त्या टोपीवाल्यांना सांग. चौदा झबल्यांचं ओझं आहे."