आम्ही गाडीत बसणार नाही

"मेलाय हा," माझा जावई एरिबेर्तो म्हणाला. गाणी वाजवायचा माझा तळहाताएवढा डबा त्याने उलटासुलटा केला आणि टेबलावर ठेवून दिला. "आई, नवीन घ्या. हा आता चार्ज होत नाही."

"तू आत डोकावून तरी बघितलंस का?"

"बघायचंय कशाला? बिअर प्यायलाय तो. कार्निवलच्या मंगळवारी तुम्हीच पाजलीत."

झालं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, घरात नवी वस्तू आली की तिचं चाल्या करायचं असतं. धरणीमाता पाचामामाला दोन घोट, वस्तूवर दोन थेंब आणि वरून रंगीत कागदाच्या टिकल्यांची मूठ. माझ्या आईने शिलाई मशीनचं केलं होतं, ते अजून चालतंय. या एरिबेर्तोनेसुद्धा बाजारात दुरुस्तीचं हेच टेबल मांडलं तेव्हा चाल्या केलं होतं, तेही नाचून. पण दोन वर्षांपूर्वी तो त्या नव्या प्रार्थनेवाल्यांत गेला. तेव्हापासून बिअर पाप, नाच पाप आणि सासू तर सगळ्यात मोठं पाप.

दुसरा दिवस असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण रविवार होता, बाजार भरला होता आणि तीन वाजता तालीम होती.

मी बासिलिया. आमच्या मोरेनादा नाचाच्या मेळ्याचे कपडे मी भरतकाम करून देते आणि एकतीस वर्षं स्वतःही जत्रेच्या मिरवणुकीत नाचते. मेळ्यात आम्ही सहा जणी सगळ्यात जुन्या. यंदा बँडने नवी चाल बांधली. तिच्या शेवटी तीन पावलं मागे आणि मग डावीकडे अर्धी गिरकी. मागच्या रविवारी आम्ही सहाच्या सहा जणी उजवीकडे वळलो आणि मागच्या पोरींच्या अंगावर जाऊन आदळलो. पोरी फिदीफिदी हसल्या. मेळ्याचा प्रमुख सेनोबियो मात्र हसला नाही. तो गोड बोलला, आणि ते जास्त झोंबलं.

"बायांनो, तुमच्या वयाचा मान आहे. यंदा तुम्ही पुढच्या सजवलेल्या गाडीत बसा. आरामात हात हलवा. पुढच्या तालमीला गिरकी जमलीच, तर बघू."

गाडीत! त्या गाडीवर चांदीची ताटं बांधतात, चमचे टांगतात. त्या चमच्यांच्या शेजारी आम्ही? एकतीस वर्षं टाचा झिजवल्या त्या काय हात हलवायला?

बँड फक्त तालमीला यायचा. नवी चाल दुसरीकडे कुठे होती, तर या डब्यात. माझ्या मुलीने ती भरून घेतली होती. फोन होते, पण आमच्या फोनवर तेव्हा नुसतं बोलता यायचं. आणि गुरुवारी गिरकी जरा जमतेय तोच डबा बंद पडला.

मी काय केलं नाही? तार बदलली. शेजारणीकडच्या बोर्डात लावून बघितलं. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबलं, तसं केलं की डबा ताळ्यावर येतो म्हणे. थंडीने गारठला असेल म्हणून शुक्रवारी दिवसभर पोलक्यात घालून फिरले. ढिम्म. म्हणून नाक मुठीत धरून जावयाकडे आले होते.

"पश्चात्ताप करा आई," एरिबेर्तो म्हणाला. "अजून वेळ गेलेली नाही."

"वेळ साडेदहा झालीय," मी म्हटलं आणि डबा उचलून चालू पडले.

घरी अंगणात पाचही जणी घागरे सावरून वाट बघत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"पाचामामा रागावली असणार," लेओकादिया म्हणाली. "तू स्वस्तातली बिअर वाहिलीस ना!"

"तुझ्या घरची होती ती!"

"मग तर तिचं बरोबरच आहे," एउसेबिया म्हणाली, आणि मेल्या सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. पण आज चाल ऐकली नाही तर पुन्हा उजवीकडे वळणार, आणि मग चमच्यांच्या शेजारी.

मी डबा उन्हात धरला. भरतकाम करताना लावते तो जाड चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तार खोचली. बोर्डात नाही हं, नुसती डब्यात. बघते तर काय, तारेचं तोंड पूर्ण आत जातच नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढं पत्र्याचं टोक बाहेर राहत होतं. दुसरी तार घातली. तेवढंच बाहेर. म्हणजे दोष तारेत नाही, आत बुडाशी काहीतरी बसलंय.

डबा तर बंदच होता. बारीक सुई घेतली आणि टोकाऐवजी नेढ्याकडून हळूच आत घातली. सहा जणींनी श्वास रोखले. आधी धूळ निघाली. मग घट्ट दडपलेलं, गुलाबी काहीतरी.

कागदाची टिकली. मग दुसरी. मग तिसरी.

त्या टिकल्या माझ्याच मुठीतल्या होत्या. कार्निवलला मीच उधळल्या आणि पुढे रोज तार खोचून खोचून मीच आत ठासल्या. म्हणजे जावयाचं खरं होतं की! खोटं कशाला बोलू, मला इतकी लाज वाटली की त्या टिकल्या गिळून टाकाव्यात असं वाटलं, आणि तसं मी बोलूनही गेले.

"गिळ," लेओकादिया म्हणाली. "आम्ही काही बघितलं नाही."

मी टिकल्या रुमालात बांधल्या. तार घातली. या वेळी ती टक्क करून आत बसली. बोर्डात लावली, तर दहा मिनिटं काहीच नाही. पार रिकामा झाला होता बिचारा. एउसेबिया चक्क हात जोडून बसली. आणि मग लाल दिवा लागला. आम्ही अशा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तार बोर्डात, डबा स्पीकरला, आणि आम्ही अंगणात. दोन वाजेपर्यंत मी कोणाला बसू दिलं नाही. लेओकादिया उजवीकडेच वळायची, म्हणून तिच्या डाव्या दंडाला लाल लोकर बांधली. "लोकरीकडे वळ गं बाई, लोकरीकडे!" शेवटी शेवटी डोळे मिटूनही जमायला लागलं.

तालमीला जाताना एरिबेर्तोच्या टेबलाशी थांबले. डब्याचं बटण दाबलं. लाल दिवा बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं होतं?"

मी रुमाल सोडून तीन गुलाबी टिकल्या त्याच्यासमोर ठेवल्या. "माझ्याच चाल्याच्या. भोकात अडकल्या होत्या. चूक माझी, चल, मान्य."

"बघा! मी म्हणालो नव्हतो?"

"तू बिअर म्हणालास. मेलाय म्हणालास. आत काय आहे हे बघितलंच नाहीस. तुला माझं पाप दिसलं बाबा, भोक नाही दिसलं."

त्याने एक टिकली बोटाने उलटवून बघितली. मग हळूच म्हणाला, "मग आता चाल्या बंद करणार ना?"

"बंद? पुढच्या कार्निवलला दुप्पट करणार. चिकटपट्टी दे, आधी भोकावर लावेन."

त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि गुपचूप चिकटपट्टी तोडून दिली.

तीन वाजता बँड सुरू झाला. चाल संपत आली. तीन पावलं मागे. मला लेओकादियाच्या दंडावरची लोकर दिसत होती. आणि सहाच्या सहा जणी डावीकडे वळलो, घागरे एकदम फुलले. मागे दोन पोरी उजवीकडे गेल्या आणि एकमेकींवर आपटल्या. आम्ही हसलो नाही. म्हणजे फार नाही.

सेनोबियो डोकं खाजवत आला. "जमलं की तुम्हाला! पण गाडी तर सांगून ठेवलीय बायांनो. आता तिच्यात बसणार कोण?"

"तुझा गुडघा दुखतो ना रे?" मी म्हटलं.

"हो, जरा दुखतो."

"मग तू बस. आरामात हात हलव."

जत्रेच्या दिवशी तो खरंच बसला, चमच्यांच्या शेजारी. आम्ही मागून नाचत होतो. दर चौकात आम्ही त्याला ओरडून सांगत होतो, "सेनोबियो, हात!" आणि तो हलवत होता.