श्वास थांबतो तिथे

तिने एकेक करून सगळे आवाज बंद केले. आधी व्हायोलिनं, मग वारा, मग दाराची करकर, मग तळघरात टपटपणारं पाणी. पावलांचा ट्रॅक वेगळा होता, तोही बंद केला. शेवटी उरला फक्त श्वास. एक बाई जिना चढत होती आणि तिला धाप लागली होती.

हेडफोन कानांवर घट्ट दाबून तिने डोळे मिटले. छाती दुधाने जड झाली होती. घरी बाळाच्या भुकेची वेळ झाली असणार. अजून थोडंच, असं तिने स्वतःला बजावलं आणि आवाज वाढवला.

हा श्वास तिच्या आईचा होता. भुताच्या सिनेमांची ती मालिका तिच्या जन्माआधी सुरू झाली होती आणि संपायचं नाव घेत नव्हती. मालिकेतलं भूत कधी धड दिसायचं नाही. जिना चढताना ऐकू यायचं, एवढंच. लोक त्याला ‘जिन्यातली’ म्हणत. पहिल्या भागाच्या वेळी तिचे बाबा ध्वनिमुद्रक होते आणि एकाही नटीचा श्वास त्यांना खरा वाटेना. शेवटी त्यांनी घरी जाऊन बायकोलाच जिने चढायला लावले. बायको पोटुशी, तेव्हा धाप लागण्यासाठी वेगळा अभिनय करायची गरजच नव्हती. पोटात होती ती म्हणजे ही. हिने पहिलं पाऊल टाकायच्या आत आई गेली. आईचा दुसरा कुठलाही आवाज कुणी जपून ठेवला नव्हता. एवढा श्वास तेवढा राहिला.

पुढे भागांमागून भाग आले. चौथ्यात जिन्यातली मुलींच्या वसतिगृहात शिरली, पाचव्यात जहाजावर गेली, सहाव्यात तिला एक जुळी बहीण निघाली. सातव्यात लोक घाबरण्याऐवजी हसत सुटले. आता एकदा लिफ्ट तरी बसवून द्या बिचारीला, असं थिएटरात कुणीतरी ओरडलं होतं आणि तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी एक जागा मात्र कुणाला हसू देत नसे. चढता चढता तो श्वास अचानक थांबायचा. मधल्या पायरीवर, काही कारण नसताना. मग पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्या वेळात थिएटर चिडीचूप होऊन जायचं. चौथ्या भागापासूनची ही गंमत. सिनेमाला नावं ठेवणारेही त्या जागेचं नाव काढत.

आठव्या भागाचं काम निर्मात्याच्या धाकट्या मुलाकडे होतं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला सगळंच नवं हवं होतं. नवं घर, नवं भूत, संगणकावर बनवलेला नवा आवाज. जुना श्वास ऐकला की आपल्याला आपल्या आत्याची आठवण येते, भीती वाटत नाही, असं त्याने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. बाळ अजून मान सावरत होतं तेव्हाच ती रजा मोडून या कामावर आली, ती एवढ्यासाठीच. तिने त्याच्याकडे एक संधी मागितली. जुना श्वास धुऊनपुसून पुढे ठेवते, ऐका, मग काय ते ठरवा. तो हो म्हणाला होता. शुक्रवारी ऐकू, म्हणाला होता.

बाबांकडे तिने मूळ टेप मागितली, तेव्हा ते बाळाचा लंगोट बदलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“टेप कशाला हवी? चौथ्या भागाचा सुटा ट्रॅक आहे की स्टुडिओत. तोच घे.”

“मूळ ते मूळ ना, बाबा.”

“तोच घे,” ते म्हणाले, आणि बाळाच्या पोटावर तोंड टेकवून फुर्र केलं. बाळ खिदळलं. विषय तिथेच बुडाला.

म्हणून आता ती चौथ्या भागाचा ट्रॅक धूत बसली होती. धुणं म्हणजे आधी मळ नीट दिसू देणं. श्वासाखालची घरघर, विजेची गुणगुण, सगळं मोठं करून ऐकायचं आणि मग एकेक वेचून काढायचं. ती त्या प्रसिद्ध जागेपाशी आली. श्वास थांबला. तिने आवाज आणखी वाढवला. तिथे निव्वळ शांतता नव्हती. कुठल्याशा बंद दारापलीकडून, खूप लांबून, काहीतरी आलं. तिने मागे जाऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा.

एक लहान मूल हाक मारत होतं. “बाबा.”

क्षणभर तिला वाटलं, शेजारचं कुणाचं तरी पोर असेल. पण आवाज ओळखीचा होता. त्या वयातल्या तिच्या बोलण्याची एक जुनी फीत बाबांनी जपून ठेवली होती. तिचाच आवाज. आणि ती तर आईच्या या श्वासाच्या वेळी पोटात होती.

ती हेडफोन गळ्यात घेऊन बसून राहिली. बाजूच्या खोलीत कुणीतरी कॉफीसाठी विचारत होतं. तिने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसू लागली. लहानपणी तिला आईच्या श्वासाशिवाय झोप लागत नसे. बाबा रोज संध्याकाळी घरच्या मशीनवर टेप लावत आणि ती उशीत तोंड खुपसून ऐकत पडे. एके दिवशी मशीनने टेप गिळली. पोटातून तपकिरी पट्टी बाहेर आली, चुरगळलेली, तुटलेली, बाबांच्या हातांत गुंतलेली. ती घाबरून रडायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, रडू नकोस, आईला जरा दम लागलाय, उद्या येईल ती. दुसऱ्या दिवशी आई खरंच आली. पण त्याआधी दुपारी बाबा कपड्यांच्या खोलीत गेले होते आणि त्यांनी आतून कडी लावली होती. तिने दार वाजवलं, हाक मारली. बाबांनी ओ दिली नाही. एरवी झोपेतही ओ देणारा माणूस. मोठेपणीही कधी राग आला की तिला ते दार आठवायचं. त्या दाराबाहेर आपण उभे आहोत आणि आत बाबा असून गप्प आहेत.

आत मशीनसमोर ते आई होत होते.

तिने पहिला भाग काढला. त्याचे सुटे ट्रॅक कधीच हरवले होते. सगळ्या सिनेमात श्वासावर संगीत चढलेलं. पण एका ठिकाणी, दार उघडण्याच्या जरा आधी, संगीत थबकतं आणि श्वास उघडा पडतो. तेवढाच तुकडा तिने कापून घेतला. पुन्हा पुन्हा लावला. हा श्वास हलका होता, भरभर चढणारा, आणि शेवटी गिळलेल्या हसण्यासारखं काहीतरी. ही आई होती.

तिला तो श्वास परका वाटला. रस्त्यात शेजारून कुणी अनोळखी बाई जावी तसा. मग ती सामानाच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, दूध काढायचं यंत्र छातीला लावलं आणि त्याच्या घुंईघुंईत तिने मनसोक्त रडून घेतलं.

घरी पोचली तेव्हा खिडकीत ऊन होतं. बाबा आरामखुर्चीत मागे रेलून झोपले होते आणि त्यांच्या छातीवर बाळ पालथं. बाबा बाळाला ‘बोका’ म्हणत, आणि खरंच तो त्यांच्या अंगावर बोक्यासारखाच सैलावून पडला होता. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. बाबांचा श्वास वर जाताना ठीक असे, खाली येताना मात्र शेवटी नाकात बारीक शीळ वाजे. ही शीळ तिने आयुष्यभर ऐकली होती. घरीही, थिएटरातही. तिने आजवर ती दोन वेगळ्या माणसांची धरली होती.

बाबांना जाग आली. कान अलीकडे फार कमी चालत. जन्मभर ओव्हरटाइम केला, आता कान सुट्टीवर गेलेत, असं ते कुणालाही सांगत. ती त्यांच्या बऱ्या कानाशी वाकली.

“बाबा, पहिल्या वेळी आईला किती चढवलंत हो?”

ते हसले. बाळाच्या पाठीवरचा हात तसाच राहिला.

“मी कसला चढवतोय. ती पुढे, मी मागे, खांद्यावर ते मशीन. चौथ्या मजल्यावर तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, भूत मी, आणि धाप तुम्हाला?” ते बाळाची पाठ थोपटू लागले. “तिच्या श्वासात माझाच श्वास आलेला सगळीकडे. तो वेचून काढायला किती दिवस गेले माझे.”

एवढं बोलून ते खिडकीकडे बघत राहिले. बाळ कुरकुरलं, तशी तिने त्याला उचलून पदराआड घेतलं.

शुक्रवारी बाबाही स्टुडिओत आले, कारण बोक्याला कुणीतरी धरायला हवंच होतं. निर्मात्याच्या धाकट्याने उठून त्यांना खुर्ची दिली. काका, तुमच्यामुळे मी लहानपणी जिन्याने जायचंच सोडलं होतं, म्हणाला. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी मनापासून मान डोलावली. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं.

तिने दिवे मंद केले आणि ट्रॅक लावला. घरघर गेली होती, गुणगुण गेली होती. श्वास पायरी पायरीने वर येऊ लागला, इतका जवळून की धाकट्याने मोबाइल खाली ठेवला. शीळ तिने राहू दिली होती. जागा आली. श्वास थांबला. खोलीत कुणी हललं नाही. मग श्वास पुन्हा सुरू झाला, आणि धाकट्याने खुर्चीत मागे टेकत मोठा उसासा सोडला.

“नको बदलायला,” तो म्हणाला. “हाच राहू दे. त्या थांबण्यात काय आहे कुणास ठाऊक. काकांना सुचलं कसं हे?”

तिने बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या पडद्याकडे पाहत होते. आवाज पुरेसा पोचत नसे तेव्हा ते आवाज डोळ्यांनी वाचत. आमच्या वेळी मशीनवर काटा होता, तुमच्याकडे ही हिरवी रेघ, असं ते म्हणत, पण वाचायला त्यांना दोन्ही सारखंच.

“बाबांसाठी एकदा परत लावते,” ती म्हणाली.

हिरवी रेघ श्वासाबरोबर वर चढू लागली, खाली येऊ लागली. बाबांचं बोट मांडीवर, बाळाच्या पाठीशी, रेघेच्या तालात हलत होतं. जागा यायच्या जरा आधीच ते बोट थांबलं. रेघ खाली गेली, आडवी झाली, पार जमिनीला टेकली. आणि त्या सपाट रेघेत, मधोमध, एक बारीकशी लकेर उठली आणि विरली. ज्या माणसाला रेकॉर्डिंगमध्ये खुर्चीची करकरसुद्धा चालत नसे, त्याने एवढ्या वर्षांत ती काढली नव्हती. तिनेही काढली नव्हती.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत राहिली.

“ओ,” बाबा म्हणाले. अगदी हळू, बाळाची झोप मोडू नये इतकं.

“काही म्हणालात का, काका?” धाकट्याने विचारलं.

बाबांना ते ऐकू आलं नाही. तिने आवाजाची कळ थोडी वर सरकवली. श्वास पुन्हा सुरू झाला होता, पुढची पायरी चढत होता.