परत आलेलं देहदान

देहदानाचा अर्ज भरून मी निश्चिंत झाले होते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकुलता एक भाचा सातासमुद्रापलीकडे. माझ्यामागे माझं करणार कोण, हा घोर एका सहीनं मिटला होता. शिवाय मेल्यावर का होईना, चार पोरं माझ्याभोवती जमतील, नीट लक्ष देऊन बघतील. जिवंतपणी तेवढंही कुणी बघत नाही.

आणि मेडिकल कॉलेजातून फोन आला. "आजी, आम्ही आता देह घेणं बंद केलंय. मुलं कॉम्प्युटरच्या टेबलावर शिकतात."

मी तडक तिथे जाऊन धडकले. जन्मभर मुख्याध्यापिका होते, फोनवरचा नकार मला चालत नाही.

शरीररचना शिकवणाऱ्या बाईंनी वाद न घालता मला हॉलमध्ये नेलं. पलंगाएवढा काचेचा पडदा, त्यात एक माणूस उताणा. बाईंनी बोट फिरवलं, कातडी गेली. पुन्हा फिरवलं, स्नायू गेले. चुकून भलतंच कापलं तर एक बटण दाबायचं, गडी पुन्हा धडधाकट. ना वास, ना सुरकुती, ना माझ्यासारखा पोटावर ऑपरेशनचा वण.

"याच्यापुढे माझा काय पाड!" मी हसत म्हणाले, पण हात नकळत पोटावरच्या वणावर गेला. नकोसं होण्यालाही काही हद्द असते की नाही? मेल्यावरसुद्धा नको!

बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "मेल्यावर नको, आजी. त्याआधी याल का? पोरांना पडद्यावर सगळं येतं. खऱ्या माणसाला हात लावा म्हटलं की गांगरतात."

बुधवारी मी इस्त्रीचे कपडे घालून हजर. समोर एक मुलगी बसली. "आजींची नाडी शोध," बाई म्हणाल्या. तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि सवयीनं फाकवली, पडद्यावर चित्र मोठं करतात तशी. सगळा वर्ग खो खो हसला.

"अगं, मी आता मोठी होत नाही. व्हायची तेवढी झाले!"

तिनं लाजून हात मागे घेतला. "हसू देत त्यांना. धर," मी दटावलं.

तिनं पुन्हा धरला. बोटं गरम होती, जरा घामेजलेली. डोळे मिटून ती चाचपडत राहिली. हल्ली डॉक्टरही नुसता यंत्राचा पट्टा गुंडाळतो. नवरा गेल्यापासून माझा हात कुणी असा हातात घेतलाच नव्हता. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी खिडकीकडे बघत बसले.

तेवढ्यात तिची बोटं नेमक्या जागी आली. मलाही ते कळलं. तिचा चेहरा उजळला. "सापडली, आजी! हीच ना?"

हो म्हटलं असतं, तर तिनं हात सोडला असता.

"नाही गं," मी म्हणाले. "पुन्हा शोध. सावकाश. मला काही घाई नाही."