उत्तराचं दुसरं मत

उत्तरा एका मताने पडली. फेरमोजणी झाली, तरी आकडा काही हलला नाही. अमेरिकेत कोलंबस शहराजवळच्या तिच्या गावात दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात सिटी कौन्सिलच्या दोन जागा होत्या, प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, आणि दुसरी जागा शेजारच्या वॉल्टरने नेली. वॉल्टर म्हणजे रिटायर्ड मास्तर.

पडल्याचं दुःख होतंच, पण जास्त जळत होतं ते बसचं. गावात साधी बस नव्हती. गाडी चालवता न येणारे आईवडील मुलांच्या घरी खिडकीशी बसून सहा-सहा महिने काढायचे. तिच्या सासूबाई तर कायमच्याच आल्या होत्या. नागपुरात एकटीने सगळीकडे हिंडणारी बाई इथे लायब्ररीत जायलाही सुनेच्या सवडीची वाट बघायची. गावातून एक छोटी बस फिरावी, एवढ्यासाठी उत्तराने हा उपद्व्याप मांडला होता. वॉल्टरच्या पत्रकात बसचं नावही नव्हतं.

रविवारी दुपारी महाराष्ट्र मंडळातले सिटिझन झालेले मित्र तिची समजूत काढायला जमले. पोहे झाले, चहा झाला. मग उत्तराने सहज विचारलं की तुमचं दुसरं मत कुणाला गेलं. प्रतिमाने निरागसपणे सांगितलं, वॉल्टरला. इतक्या वर्षांनी मतं मिळाली, ती काय कोरी टाकायची? पानात वाढलेलं टाकायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. शैलेंद्रनेही वॉल्टरलाच दिलं होतं. माणूस सभ्य आहे यार, म्हणाला. उत्तराने नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षित कपात तोंड घालून बसला. त्याची पाठ धरली होती तेव्हा वॉल्टरने महिनाभर त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला होता. त्याला डावलायचं कसं?

उत्तराचा पारा चढला. "अरे, त्याला दिलेलं प्रत्येक मत माझ्या विरोधात जात होतं. एकाने जरी मतपत्रिकेवरचा दुसरा गोल ब्लँक ठेवला असता, तर टाय झाली असती."

सासूबाईंनी चष्मा सारखा करत विचारलं, "आणि तुझं गं? दुसरं कुणाला दिलंस?"

मतपत्रिकेपुढे उभी असताना उत्तराला वाटलं होतं, फक्त स्वतःला मत देऊन निघणं हावरटपणाचं दिसेल. बघणारं तिथे कोणी नव्हतं, तरी लाज वाटली होती.

"वॉल्टरला," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सासूबाईंनी तिला पोटभर रडू दिलं. "आता डोळे पूस आणि त्याच्याकडे जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मतांवर निवडून आलाय. एवढं तरी ऐकेल."

उत्तरा तशीच उठून शेजारी गेली. वॉल्टरने दार उघडलं. तिने अभिनंदन केलं, बसचा विषय काढला, आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की आपलं दुसरं मत त्यालाच गेलं, नवऱ्याचंही. म्हातारा हसेल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहराच उतरला.

"मी एकच मत दिलं," तो खाली बघत म्हणाला. "माझं मलाच. दुसरं मुद्दाम कोरं ठेवलं, तुम्ही पुढे जाऊ नये म्हणून."

तिला राग यायला हवा होता. आला नाही; उलट त्याचीच कीव आली. वॉल्टर दारातून बाजूला झाला.

"आत या," तो म्हणाला. "बस कुठून कुठे जायला हवी, ते मला नीट सांगा."