प्रतिसाद तीन आवश्यक

अंगठा. उजव्या हाताचा, खडूने खाऊन टाकलेला, रेषा पुसट झालेला... फोन त्याला ओळखच देईना. कनकदुर्गाने तो पदराला पुसला, तोंडाच्या वाफेने ओलसर केला, पुन्हा काचेवर टेकवला – तेव्हा कुठे पडदा उजळला आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या ॲपमधली ती लाल ओळ समोर आली. प्रशिक्षण अपूर्ण. चर्चेतील सहभाग आज संध्याकाळपर्यंत आवश्यक. उभा जन्म मुलांना ‘बोला रे, बोला’ म्हणण्यात गेला, आणि आता हे कुणीतरी – कोण, ते दिसतही नाही – तिला दटावत होतं, बोला.

सकाळी प्रार्थनेच्या आधी स्रवंतीने तिला सगळं शिकवलं होतं. स्रवंती शाळेत नवी, वयाने लेकीएवढी, पण फोनच्या बाबतीत सगळ्यांची गुरू. “अक्का, वाचत नाही बसायचं. बोट दाबून धरायचं, कॉपी करायचं, खाली येऊन पुन्हा दाबून धरायचं. दुसऱ्यांच्या लिखाणाखाली असे तीन प्रतिसाद टाकले की सुटलात.” मग कनकदुर्गाने दाबून धरलं होतं. ‘खूप प्रेरणादायी विचार, सर.’ एकदा, दोनदा, तीनदा. जमल्याचा केवढा आनंद झाला होता तिला, एखाद्या पहिलीतल्या पोराला पाटीवर पहिलं अक्षर उमटल्यावर होतो तसा. आता राहिलं होतं फक्त स्वतःचं उत्तर.

“माझंच घ्या की मॅडम,” मधल्या सुट्टीत गणिताचे यादगिरी सर डब्यातली गोंगुऱ्याची चटणी भातात कालवत म्हणाले. “मंडलातल्या सगळ्या शाळांनी घेतलंय.”

“म्हणूनच तर परत पाठवलं ना सगळ्यांचं!” स्रवंती हसली. “तुमच्या उत्तरात ‘आमची रामन्नापल्लीची शाळा’ असं होतं, सर. आता तिकडे वर अकरा गावांत रामन्नापल्लीची शाळा आहे.”

“शाळा वाढली की नाही मग? सरकारला जमलं नाही ते मी केलं.”

सगळे हसले. कनकदुर्गाही हसली, पण तिला हसण्याचेही श्रम होत होते. बाहेर व्हरांड्यात पोरींनी बतुकम्माच्या सणासाठी तंगेडूच्या फुलांचा ढीग घातला होता आणि पिवळ्या फुलांवरून भांडण जुंपलं होतं. पूर्वी या गलक्यातला एकेक आवाज तिला नावानिशी कळायचा, कोण रडतंय, कोण रडवतंय, कोण उगाच गळा काढतंय... आता नुसता गलका. भिंतीपलीकडे गिरणी चालावी तसा.

प्रश्न होता : तुमच्या वर्गातलं सर्वांत मोठं आव्हान कोणतं?

तिने लिहायला घेतलं. पालकांची उदासीनता – पुसलं. मुलांची गळती – पुसलं. हे तर यादगिरींचंच, फक्त माझ्या हाताने. आणि मग, का कोण जाणे, थकव्याला कसली चाड नसते म्हणून असेल, अंगठा आपला आपण चालत राहिला : वर्गात शिरताना माझे पाय जड होतात. मुलं समोर असतात पण मला त्यांचे चेहरे वेगळे दिसत नाहीत. गेल्या वर्षापासून मला मुलं आवडेनाशी झाली आहेत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिने ते पाठवलं.

आणि पाठवल्याबरोबर ती ते पुसायला धावली. पुसायची सोय दिसेना. हे वाचणार सगळे – राज्यभरचे शिक्षक, अधिकारी... वाचतील आणि म्हणतील, बाई, मग पगार कशाचा घेता? स्रवंतीला विचारावं, पण ती वाचेल. मुलं आवडेनाशी झाली! असं कुणी लिहितं का? आईनं लिहावं का, की... छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीच्या तळाशी, खोटं कशाला बोला, थोडं हलकंही वाटत होतं. आता कुणीतरी विचारील. रागावून का होईना, विचारील.

पहिला प्रतिसाद आला. ‘उत्तम विचार, मॅडम.’

दुसरा. ‘पूर्णपणे सहमत.’

तिसरा कुणा मुख्याध्यापकांचा. ‘अतिशय उपयुक्त उपक्रम. आमच्याही शाळेत राबवू.’

तिला हसू फुटलं, इतकं की स्रवंतीने वळून पाहिलं. “काय झालं अक्का?” “काही नाही गं.” आणि मग ते हसू तोंडातच आंबलं. भीती गेली होती. पण भीती होती तोवर निदान समोर कुणी होतं. आता तिथे कुणीच नव्हतं, नुसते अंगठे. जन्मात एकदा मनातलं बोलले, तेही भिंतीशी. तिला विलक्षण राग आला, त्या मुख्याध्यापकांचा, त्या सगळ्या सहमत लोकांचा. शिक्षक म्हणवतात आणि चार ओळी वाचवत नाहीत.

लाल ओळ मात्र तशीच होती. “एक प्रतिसाद मोजलेला नाही,” स्रवंतीने लांबूनच निदान केलं. “एकाच माणसाखाली तेच वाक्य दोनदा पडलं असेल, अक्का. बघा ना कुठे ते.”

तिने पाहिलं. आदिलाबादकडचे कुणी आत्रम जंगू सर, डोंगरातली एकशिक्षकी शाळा. वरच्या ओळी ओळखीच्याच होत्या, मूल्यशिक्षण, डिजिटल साधनं. त्यांच्या मधोमध, दगडांत अडकलेल्या चिंधीसारखं, हे : ‘शाळेत आता तीनच मुले उरली आहेत. पाऊस असला की एकही येत नाही. तरी मी घंटा वाजवतो. पाढे मीच म्हणतो.’ पुढे पुन्हा डिजिटल साधनं.

आणि खाली – कनकदुर्गा टीचर. खूप प्रेरणादायी विचार, सर. त्याखाली पुन्हा – कनकदुर्गा टीचर. खूप प्रेरणादायी विचार, सर.

तिने फोन टेबलावर पालथा घातला. कान तापले होते. सकाळी हे होतं तिथे, याच शब्दांत होतं, आणि मी त्यावरून अंगठा फिरवून गेले, वर आनंदही झाला मला! तोही पाठवल्यावर पुसायला धावला असेल. त्यानेही वाट पाहिली असेल, आणि मग माझं नाव आलं असेल, दोन दोनदा... त्या मुख्याध्यापकांवरचा राग आता कुठे नेऊन ठेवावा, ते तिला कळेना.

व्हरांड्यातलं भांडण मिटलं होतं. यादगिरी सर हात धुऊन आले, म्हणाले, “मॅडम, तास तुमचा.” “हो, निघालेच,” ती म्हणाली आणि उठली नाही. तिच्या वर्गात चाळीसच्या वर पोरं कोंबलेली, आणि ती त्यांना कंटाळलेली. तिकडे तो माणूस पावसात रिकाम्या शाळेत घंटा वाजवतोय. त्याला काय लिहायचं? धीर धरा? तो सगळेच देतात. क्षमा मागायची तर कशाची, हे आधी समजावून सांगावं लागेल. तिला त्याला काही सांगायचंच नव्हतं. तिला विचारायचं होतं – आणि हे लक्षात आल्यावर ती चमकली, कारण कुणाला खरोखरच काही विचारावंसं वाटून किती दिवस झाले होते.

तिने फोन उलटला. अंगठा ओला करून एकेक अक्षर हुडकत तिने लिहिलं : ‘सर, घंटा वाजवल्यावर किती वेळ वाट बघता?’

पाठवलं. लाल ओळ नाहीशी झाली, प्रशिक्षण पूर्ण झालं. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती वर्गाकडे निघाली, पाय जडच होते. दारातल्या पोरींनी “नमस्ते टीचर” केलं, तिने मान हलवली, पण मनातल्या मनात ती त्या न पाहिलेल्या माणसापुढे हात जोडून उभी होती – काहीही लिहा, जंगू सर, नाहीतर काहीच लिहू नका, चार दिवस लागले तरी चालतील... फक्त ‘छान प्रश्न, मॅडम’ एवढं लिहू नका.